टायरच्या आत गेटर, पोटाच्या भिंतीमागे जाळी: जांघेच्या हर्नियाची दुर्बीण शस्त्रक्रिया

टायरला चीर पडली की पंक्चरवाला बाहेरून काही चिकटवत बसत नाही. टायर उघडतो, ट्यूब बाजूला सारतो आणि जुन्या टायरचा एक तुकडा आतून त्या चिरेवर ठेवतो. यालाच गेटर म्हणतात. मग हवा भरली की ट्यूबच त्या गेटरला टायरवर दाबून धरते. मात्र चीर इंचभर आणि गेटरही इंचभरच असेल, तर थोड्याच दिवसांत तो चिरेतून डोकं बाहेर काढतो आणि त्याच्यामागून ट्यूबचा फुगा येतो.

जांघेतल्या हर्नियाचं दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन नेमकं हेच आहे. टायर म्हणजे पोटाची स्नायूंची भिंत. ट्यूब म्हणजे पेरिटोनियम, आतड्यांना सगळीकडून वेढणारा पातळ पडदा. गेटर म्हणजे जाळी. आणि चिरेतून बाहेर आलेला ट्यूबचा फुगा म्हणजे हर्निया. पेशंट आणि नातेवाईक बहुतेक वेळा विचारतात, 'जाळी कुठल्या कंपनीची? देशी की इम्पोर्टेड?' त्याहून मोलाचा प्रश्न असा, की ती ठेवायला आत जागा किती मोठी आणि किती स्वच्छ मोकळी केली. हर्निया परत येण्याची, दुखत राहण्याची, रक्तस्रावाची बरीचशी कारणं त्या जागेशी येऊन थांबतात.

एका बाजूला तीन दारं

हर्नियाला आपल्याकडे जुन्या लोकांचा शब्द आंतरगळ. पुरुषांमध्ये वृषण जन्माआधी पोटातून खाली अंडकोशात उतरतात आणि जाताना पोटाच्या भिंतीत एक तिरपी वाट ठेवून जातात. या वाटेने शुक्रवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या ये-जा करतात. वाट राहिली म्हणजे कच्ची जागा राहिली. म्हणूनच हा आजार प्रामुख्याने पुरुषांचा: आयुष्यभरात साधारण 27 टक्के पुरुषांना जांघेचा हर्निया होतो, बायकांमध्ये हे प्रमाण 3 टक्क्यांच्या आसपास आहे.

हर्निया बाहेर पडायला एकाच बाजूला तीन जागा असतात. पहिली, वाटेच्या आतल्या तोंडातून, शुक्रवाहिनीच्या सोबतीने. हा इनडायरेक्ट, आणि अंडकोशात उतरतो तो बहुधा हाच. दुसरी, त्याच्या आतल्या बाजूला, जिथे भिंत मुळातच पातळ आहे. हा डायरेक्ट, वयानुसार भिंत सैल पडून होणारा. दोघांच्या मधे इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक नावाची रक्तवाहिनी उभी असते, आणि सर्जन तिच्यावरूनच कोणता कुठला ते ओळखतो. तिसरी जागा खाली, मांडीत जाणाऱ्या मोठ्या शिरेच्या कडेला. हा फीमोरल. बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं, त्याची मान अरुंद असते आणि आतडं अडकण्याचा धोकाही त्यात अधिक.

आंरी फ्रुशो या फ्रेंच सर्जनने 1956 साली असं मांडलं, की या तीन वेगळ्या भोकांकडे एकच कच्ची खिडकी म्हणून पाहावं. समोरून कापून पाहिलं तर लिगामेंट (तंतूंचा चिवट पट्टा) मधे येतं आणि खिडकीचे दोन तुकडे दिसतात. मागून, म्हणजे पोटाच्या बाजूने पाहिलं तर सगळी खिडकी एका नजरेत येते. मागून टाकलेली एकच मोठी जाळी तिन्ही दारं बंद करते ती त्यामुळे. समोरून केलेल्या नेहमीच्या जाळीच्या ऑपरेशनमध्ये फीमोरलचं दार झाकलं जात नाही. बायकांना दुर्बिणीचा मार्ग सुचवला जातो, त्यामागचं मुख्य कारण हेच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बासिनी या इटालियन सर्जनने भिंतीचे थर टाक्यांनी ओढून शिवायला सुरुवात केली. ओढून शिवलेलं कापड ताणावर उसवतं, तसंच पुष्कळदा व्हायचं. 1958 मध्ये अमेरिकेतल्या फ्रान्सिस अशर यांनी प्लास्टिकची विणलेली जाळी वापरात आणली. 1980 च्या दशकात लिक्टेनस्टाइन यांनी समोरून, ताण न देता जाळी ठेवायची पद्धत रूढ केली आणि ती आजही जगभर चालते. फ्रान्समध्ये स्तोपा यांनी भलीमोठी जाळी भिंतीच्या मागे, पेरिटोनियमच्या पुढे ठेवायला सुरुवात केली, पण त्यासाठी पोट मोठं उघडावं लागे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दुर्बिणीने तेच काम तीन छोट्या छिद्रांतून होऊ लागलं. म्हणजे दुर्बिणीने कल्पना नवी आणली नाही, दार लहान केलं.

ट्यूबला हात न लावता: टेप

दुर्बिणीचे रस्ते दोन: टेप (TEP) आणि टॅप (TAPP). टेपमध्ये सर्जन ट्यूब आणि टायर यांच्या मधल्या फटीतच काम करतो, पेरिटोनियमच्या आत जातच नाही. टॅपमध्ये आधी पोटात जातो, आतून पडदा कापून त्या फटीत येतो, जाळी ठेवतो आणि पडदा परत शिवतो. जाळी दोन्हींत एकाच जागी बसते.

टेपमध्ये बेंबीच्या खाली, मधल्या रेषेच्या किंचित बाजूला साधारण 10 ते 12 मिलिमीटरचा छेद घेतात. किंचित बाजूला का, तर अगदी मधे गेलं तर थेट पेरिटोनियमच लागतो. रेक्टस, म्हणजे पोटाच्या मधल्या रेषेलगतच्या उभ्या स्नायूचं पुढचं आवरण उघडायचं, स्नायू बाहेरच्या बाजूला सरकवायचा, आणि त्याच्या मागच्या आवरणावरून घसरत खाली, ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या प्यूबिक हाडाकडे जायचं. हे मागचं आवरण बेंबीच्या खाली काही अंतरावर संपतं आणि तिथून पुढे स्नायूच्या मागे थेट ती सैल फट सुरू होते.

फट मोकळी करायला फुगा वापरतात. तयार फुगा महाग पडतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी सक्शनच्या नळीवर हातमोज्याची बोटं रेशमी दोऱ्याने घट्ट बांधून, सलाइन भरून तोच परिणाम साधतात. गाठ नीट बसली नाही तर फुगा आत निसटतो, म्हणून टेबलावर फुगवून तपासायचा आणि बाहेर आल्यावर बोटं शाबूत आहेत ना तेही पाहायचं. फुगा न वापरता कॅमेऱ्याच्या टोकानेही जागा करता येते. मग कार्बन डायऑक्साइड सोडतात, दाब 10 ते 12 मिलिमीटर पारा. 5 मिलिमीटरची आणखी दोन छिद्रं बेंबी आणि प्यूबिक हाड यांच्यामधल्या रेषेत.

इथे एक चूक नेहमीची. फुगा चुकीच्या थरात गेला तर एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिन्या छताला चिकटून राहण्याऐवजी सुटून खाली येतात आणि कॅमेऱ्यासमोर पडद्यासारख्या लोंबतात. त्यांना धक्का लागला की रक्त वाहतं आणि दिसेनासं होतं. त्या छतावर आहेत का, हे पाहिल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

दुसरी अडचण म्हणजे पेरिटोनियमला पडलेलं छिद्र. गॅस पोटात शिरतो, पडदा खालून फुगून वर येतो आणि काम करायची जागा निम्मी होते. घाबरायचं कारण नाही. पोटाच्या डाव्या वरच्या भागात एक बारीक सुई घालून तो गॅस बाहेर काढतात आणि छिद्र शिवून किंवा दोऱ्याच्या फाशाने बांधून बंद करतात. छिद्र उघडं सोडायचं नसतं, कारण पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकची उघडी जाळी आतड्याला लागली की आतडं तिला चिकटतं.

आत जाऊन मग बाहेर: टॅप

टॅपमध्ये कॅमेरा बेंबीतून, बाकीची दोन छिद्रं दोन्ही बाजूंना साधारण बेंबीच्या पातळीवर. आत गेल्या गेल्या दोन्ही जांघा दिसतात आणि दुसऱ्या बाजूला लपलेला हर्निया असेल तर तोही कळतो. आतड्याचा तुकडा अडकला असेल तर तो कसा आहे, काळवंडला आहे का, हे समोर दिसतं. अडकलेल्या हर्नियात टॅपला पसंती मिळते ती म्हणून.

पडदा आतल्या तोंडाच्या 3 ते 4 सेंटिमीटर वर, आडवा कापतात, कमरेच्या पुढच्या टोकदार हाडाच्या रेषेपासून मधल्या घडीपर्यंत. खालचा पदर पुस्तकाच्या पानासारखा खाली सोडवायचा, जाळी ठेवायची आणि पान परत वर आणून शिवायचं. या शिवणकामात कंटाळा केला आणि दोन टाक्यांच्या मधे फट राहिली, तर तीतून आतड्याचं वेटोळं आत सरकतं. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वायू सरेना, तर 'भुलीचा त्रास असेल' म्हणत घरी थांबू नये. त्याच दिवशी दाखवावं.

टेप बरं की टॅप? दोन्ही पद्धतींचे निकाल जवळपास सारखे येतात. ज्या सर्जनने जे जास्त केलं आहे ते त्याच्याकडून करून घ्यावं. टेप अंगवळणी पडायला देखरेखीखाली 50 ते 100 ऑपरेशन्स लागतात असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, कारण जागा अरुंद आणि ओळखीच्या खुणा उलट्या बाजूने दिसतात.

जाळीचं अंथरूण

आता मुख्य भाग. यूजीन फेलिक्स आणि होर्हे दाएस या दोन सर्जननी 2017 मध्ये जाळी ठेवण्याआधी डोळ्यांनी काय काय दिसलं पाहिजे याची क्रमवार यादी मांडली. सगळं दिसत नसेल तर जाळीचं पाकीट फोडायचंच नाही, असा तिचा अर्थ.

आतल्या बाजूने सुरुवात. प्यूबिक हाड आणि त्यावरचं पांढरं, चकाकणारं कूपर लिगामेंट स्वच्छ दिसावं, आणि मोकळी जागा मधल्या रेषेच्या पलीकडेपर्यंत जावी. मूत्राशय खाली सोडवून कूपर लिगामेंट आणि मूत्राशय यांच्यात किमान 2 सेंटिमीटर अंतर तयार करायचं, म्हणजे जाळीची खालची कड तिथे बसेल. हे करताना कूपर लिगामेंटवरून आडवी जाणारी एखादी शीर किंवा धमनी सापडते. तिला 'कोरोना मॉर्टिस' म्हणतात, मृत्यूचा मुकुट. तुटली तर तिची दोन्ही टोकं मागे सरकतात आणि रक्त थांबवणं अवघड होतं. डायरेक्ट हर्निया असेल तर आत गेलेली चरबी ओढून बाहेर घ्यायची. मांडीच्या शिरेजवळ डोकावून फीमोरल तर नाही ना, तेही पाहायचं.

मग बाहेरची बाजू. इनडायरेक्ट पिशवी शुक्रवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्यांवरून अलगद सोडवून मागे न्यायची. किती मागे? शुक्रवाहिनी आतल्या बाजूला वळते तिथपर्यंत. याची परीक्षा सोपी आहे: पडदा वर ओढून पाहायचा. शुक्रवाहिनी त्याच्याबरोबर हलली तर सोडवणं अपुरं आहे. या एका हालचालीकडे काणाडोळा केला की जाळी कितीही उत्तम असो, गॅस सोडल्यावर पडदा जाळीच्या खालून पुढे सरकतो. ट्यूब गेटरच्या कडेखालून घुसावी तसा.

पिशवी अंडकोशापर्यंत गेलेली, जुनी आणि चिकटलेली असेल तर सगळी उपटून काढण्याचा हट्ट धरत नाहीत. मधेच कापून वरचं तोंड बांधतात आणि खालचा भाग उघडा तिथेच ठेवतात. तळापर्यंत खेचाखेच केली तर वृषणाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते: शुक्रवाहिनीच्या बाहेरच्या अंगाला वाटेत शिरलेली चरबीची जीभ. हर्निया नाही असं वाटतं, म्हणून सोडून दिली जाते. पेशंट घरी जातो आणि महिन्याने म्हणतो, 'ऑपरेशन झालं, पण गाठ होती तिथेच आहे.' तो खरं बोलत असतो. म्हणून ती जीभ ओढून आत आणायची आणि जाळीच्या वर सोडायची.

खालच्या भागात दोन त्रिकोण आहेत, त्यांची नावं सर्जन इंग्रजीतच घेतात. शुक्रवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या यांच्यामधला 'ट्रँगल ऑफ डूम'. त्याच्या तळाशी पायाला जाणारी मोठी धमनी आणि शीर. त्याच्या बाहेरच्या बाजूचा 'ट्रँगल ऑफ पेन', जिथून मांडीच्या नसा जातात. पहिल्यात चूक झाली तर टेबलावर कळते, दुसऱ्यात झाली तर घरी गेल्यावर. दोन्हींत खिळा, टाका किंवा ऊती जाळणारा विजेचा करंट वापरायचा नाही. नसांवर चरबीचा एक पातळ थर असतो, तो खरवडून 'स्वच्छ' करू नये. जाळी नसेला थेट घासू नये म्हणून निसर्गाने तो ठेवलेला आहे.

जाळी: माप, वजन, घडी

किमान माप 15 बाय 10 सेंटिमीटर. हर्नियासर्ज या आंतरराष्ट्रीय गटाच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. धिप्पाड माणसाला किंवा मोठ्या भोकाला याहून मोठी लागते. भोक 3 सेंटिमीटरचं असताना तळहाताएवढी जाळी कशाला, तर प्रत्येक बाजूने 3 ते 4 सेंटिमीटर भक्कम भिंतीवर टेकली पाहिजे म्हणून. शिवाय जखम भरताना जाळी आक्रसते. 'जागा कमी आहे, कोपरे कापून बसवू' हा मोह जाळीला नव्हे, अपुऱ्या सोडवणुकीला झाकतो. कोपरा किंचित गोल करणं वेगळं, पाच सेंटिमीटर कातरणं वेगळं.

जाळी बहुतेक वेळा पॉलिप्रोपिलीनची, कधी पॉलिएस्टरची. चौरस मीटरला 80 ते 100 ग्रॅमची जड म्हणतात, 50 ग्रॅमच्या खालची हलकी. आकड्यांनी दचकू नये: 15 बाय 10 ची जड जाळी भरते सव्वा ते दीड ग्रॅम. छिद्रं एक मिलिमीटरहून मोठी असावीत, म्हणजे आपल्या ऊती त्यांतून वाढून जाळी भिंतीत विणली जाते. छिद्रं फार बारीक असली की व्रणाचं एकसंध पापुद्र्यासारखं आवरण होतं आणि जाळी कडक बनते.

हलकी म्हणजे आधुनिक, म्हणून चांगली, असं मधे बरंच सांगितलं गेलं. दुर्बिणीच्या ऑपरेशनात ते टिकलं नाही. नेदरलँड्समध्ये 950 पुरुषांवर टेपने केलेल्या एका तुलनेत हलकीचा दुखण्यात फायदा दिसला नाही आणि हर्निया परतण्याचं प्रमाण मात्र जास्त आलं. मोठ्या डायरेक्ट भोकात ती लवचीकपणे आत ढकलली जाते, ही अडचण समजायला गेटरचं उदाहरण पुरे आहे.

जाळीच्या किमतीवरून महाराष्ट्रातलं एक काम इथे सांगितलंच पाहिजे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचा इथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरलं. कापड पॉलिप्रोपिलीन आणि पॉलिएथिलीन यांच्या मिश्रणाचं, कीटकनाशक न लावलेलं. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 2003 साली अनेक केंद्रांतले निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात 302 पुरुषांवर रीतसर तुलना झाली, ती 2016 मध्ये छापून आली, आणि वर्षभरानंतर स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या बरोबरीची निघाली. पण हे युगांडातलं काम समोरून, उघड्या पद्धतीने केलेल्या ऑपरेशनचं आहे. ते जसंच्या तसं दुर्बिणीला लावता येत नाही. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी तर जाळीच न वापरता, पेशंटच्याच बाहेरच्या स्नायूच्या आवरणाची पट्टी वळवून मागची भिंत भक्कम करायची पद्धत 2001 मध्ये मांडली. तीही समोरूनच.

जाळी आत कशी जाते हे जवळून पाहण्यासारखं आहे. हातमोजे बदलायचे, जाळी पेशंटच्या कातडीला लागू द्यायची नाही. लांबीच्या बाजूने विडीसारखी सुरळी करून 10 मिलिमीटरच्या छिद्रातून आत ढकलायची. आत गेल्यावर आतली कड प्यूबिक हाडाच्या मधल्या रेषेपलीकडे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, खालची कड हाडाच्या खाली कूपर लिगामेंट आणि मूत्राशय यांच्यामधे, बाहेरची कड कमरेतून मांडीकडे उतरणाऱ्या सोआस स्नायूवर पसरलेली. सुरकुती नको, घडी नको. दोन्ही बाजूंना हर्निया असेल तर दोन जाळ्या घालतात आणि त्या मधे एकमेकींवर थोड्या चढतात. शुक्रवाहिनीसाठी जाळीला चीर देऊन तिला मधे अडकवायची पद्धत पूर्वी होती. मागाहून त्याच चिरेतून हर्निया डोकावल्याचे अनुभव आले, आणि आता सर्जन जाळी अखंड ठेवतात.

खिळे किती?

बहुतेक वेळा शून्य. पोटातला दाब जाळीला भिंतीवर दाबून धरतो, गेटरसारखाच. अपवाद मोठ्या डायरेक्ट भोकाचा, साधारण 3 सेंटिमीटरच्या वर. तिथे कूपर लिगामेंटवर एक-दोन आणि वर रेक्टस स्नायूवर एक-दोन टॅक, म्हणजे जाळी अडकवणारे बारीक खिळे, पुरतात. बाहेरच्या बाजूला मारायचाच झाला तर इलिओप्यूबिक ट्रॅक्ट या पट्ट्याच्या वरच. नियम असा: एका हाताने टॅकर (टॅक मारायचं हत्यार) आतून टेकवला की दुसऱ्या हाताला बाहेरून, पोटाच्या कातडीवर त्याचं टोक जाणवलं पाहिजे. जाणवत नसेल तर आपण पट्ट्याच्या खाली आहोत, नसांच्या प्रदेशात. गोंद हाही पर्याय आहे आणि तो नसांना टोचत नाही.

भूल उतरताच मांडीच्या बाहेरच्या अंगाला आगीसारखी जळजळ होत असेल, तर ती 'जखम दुखते' या सदरात टाकू नये. टॅकमध्ये नस अडकल्याची शंका घेऊन तातडीने पाहावं लागतं. महिन्यांनी काढलेल्या टॅकचा उपयोग तितकासा होत नाही.

टेपमध्ये शेवटची पायरी धसमुसळेपणाने बिघडते. जाळीची खालची, बाहेरची कड चिमट्याने धरून ठेवायची आणि गॅस हळूहळू, कॅमेऱ्यात बघत सोडायचा. पडदा जाळीच्या वर येऊन बसताना दिसला पाहिजे. झटकन गॅस काढला तर कड वर गुंडाळली जाते आणि सगळं ऑपरेशन त्या दहा सेकंदांत वाया जातं.

घरी गेल्यावर

लघवी अडणं हा पहिल्या रात्रीचा त्रास, विशेषतः प्रोस्टेट वाढलेल्या वयस्करांना. ऑपरेशनआधी मूत्राशय रिकामं करून जावं, आत काम करताना ते मधेही येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडकोश निळा-जांभळा दिसला तर बहुधा खाली उतरलेलं रक्त असतं. कातडीखाली हात लावल्यावर पापडासारखं कुरकुरलं तर तो गॅस आहे, एक-दोन दिवसांत जिरतो.

सगळ्यात जास्त घबराट सेरोमाची. हर्निया जिथे होता त्याच पोकळीत पाणी साठतं आणि आठवड्याभरात तसाच फुगवटा दिसतो. फरक असा, की हा खोकल्यावर ठोका देत नाही आणि झोपल्यावर आत जात नाही. बहुतेक सहा-आठ आठवड्यांत आपोआप आटतो. सुई घालून पाणी काढायची घाई करू नये, कारण सुईबरोबर जंतू गेले तर ते जाळीपर्यंत पोचतात. मोठ्या डायरेक्ट भोकात सैल पडलेलं आवरण उलटं आत ओढून कूपर लिगामेंटला अडकवलं तर ही पोकळीच लहान होते.

चालणं त्याच दिवशी, जिने दुसऱ्या दिवशी, टेबलाचं काम आठवड्याभरात. 'तीन महिने काही उचलू नका' हा सल्ला जुन्या ओढून शिवलेल्या ऑपरेशनच्या काळातला आहे, आणि अजूनही घरोघरी ऐकू येतो. आता दुखत नसेल तर नेहमीची कामं सुरू करायला हरकत नसते. जड ओझी वाहणाऱ्याने आपल्या सर्जनला विचारून ठरवावं, भोकाचं माप त्यालाच माहीत असतं. दुखणं तीन महिन्यांपुढे रेंगाळलं तर ते दीर्घकाळचं मानतात. दुर्बिणीनंतर त्याचं प्रमाण समोरून केलेल्या ऑपरेशनपेक्षा कमी असतं, शून्य मात्र नसतं.

दुर्बीण कुणाला नको

ज्याला पूर्ण भूल सोसणार नाही, त्याला समोरून, जागेवर भूल देऊन करता येतं आणि तेही उत्तम ऑपरेशन आहे. टॅपला सहसा पूर्ण भूल लागते. टेप मणक्याच्या भुलीत करणारे आहेत, पण नेहमीचा रिवाज पूर्ण भुलीचा. प्रोस्टेट किंवा ओटीपोटातलं मोठं ऑपरेशन आधी झालं असेल तर ती फट व्रणाने भरलेली असते. गुडघ्यापर्यंत लोंबणारा जुना हर्नियाही दुर्बिणीला साजेसा नाही. आधी समोरून केलेला परतला असेल तर मागून जायचं, मागून केलेला परतला तर समोरून: जिथे कुणी हात लावला नाही तिथली वाट सोपी.

काहीच त्रास नसलेल्या पुरुषाने थोडं थांबलं तरी चालतं. पुढे दुखायला लागून बऱ्याच जणांना वर्षांनंतर ऑपरेशन करावं लागतं, पण आज-उद्याची घाई नसते. फीमोरल हर्नियाला मात्र ही सूट नाही. आणि पट्टा बांधून हर्निया बरा होत नाही, फक्त झाकला जातो. फुगवटा अचानक कडक झाला, दुखायला लागला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर तास मोजायचे असतात, दिवस नव्हे. चोळून, शेकून आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये.

डिस्चार्जच्या वेळी एक छोटी गोष्ट तपासून घ्या. जाळीच्या पाकिटावर नाव, माप आणि लॉट नंबर असलेलं स्टिकर असतं, ते आपल्या कागदांवर चिकटवलेलं हवं. कोणत्या बाजूला, कुठल्या पद्धतीने, किती टॅक, तेही त्याच पानावर लिहून मागा. वीस वर्षांनी प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी कुणी सर्जन त्याच फटीत शिरेल, तेव्हा तिथे आधीच जाळी अंथरलेली आहे हे त्याला छेद घेण्याआधी कळायला हवं.